कौतुक नेमकं कशाचं?

बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटरचं, लोकलने दीड तासाच्या आसपास. एवढ्या वेळात कान महोत्सवाच्या परीक्षकांनी दिवसचे दिवस बसून दिलेला निकाल चार शब्दांत फिरवता येतो : डोक्यावरून गेला, बोअर आहे. अंबरनाथला चढलेला दुसरा त्यात भर घालतो, की नुसता संथ असला म्हणजे चित्रपट थोर होत नाही. विठ्ठलवाडी येईपर्यंत तिसऱ्याने सवाल टाकलेला असतो, की ‘छावा’ बघताना सगळं थिएटर ढसाढसा रडत होतं ते या पुरस्कारवाल्यांना दिसत नाही का. मग कल्याणला गर्दी आत घुसते आणि वाद ‘ज्याची त्याची आवड’ या वाक्यावर मिटतो.

मिटवायला हे वाक्य चांगलं आहे, पण ते म्हणणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नसतो. असता तर वाद सुरू कशाला झाला असता? जेवणातल्या आवडीनिवडींवर माणसं अशी हमरीतुमरीवर येत नाहीत. चित्रपटावर येतात, कारण तिथे प्रत्येकाला आतून वाटत असतं की समोरचा चुकतोय. इमॅन्युएल कांटने १७९० साली नेमकं यावर बोट ठेवलं. ‘मला आवडलं’ म्हणणारा स्वतःबद्दल बोलतो. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा मात्र दुसऱ्यानेही ते मान्य करावं असा हक्क सांगत असतो, आणि तो हक्क सिद्ध करायला त्याच्याजवळ कुठलाही नियम नसतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात हा पेच मराठीत सविस्तर उलगडला. त्यांच्या मते कलाविचार दोन ध्रुवांमध्ये ताणलेला असतो. एका टोकाला कला ही जगण्यापासून वेगळी, स्वतःच्याच नियमांनी चालणारी गोष्ट. हे अलौकिकतावादी टोक. दुसऱ्या टोकाला ती माणसाच्या भावना, गरजा आणि नीती यांत पुरती गुंतलेली. हे लौकिकतावादी टोक. यातलं कुठलंही एक टोक सोडून दिलं की काहीतरी महत्त्वाचं हातातून निसटतं. लोकलच्या डब्यात पाटणकर कुणी वाचलेले असोत वा नसोत, दोन्ही टोकं खिडकीजवळ जागा धरून बसलेली असतात.

या पेचाचं सगळ्यात चांगलं उदाहरण खुद्द अंबरनाथमध्ये, वालधुनीच्या काठी उभं आहे. तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. लोक देवळाला सर्रास हेमाडपंती म्हणतात, हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला तरी. मंदिरस्थापत्याचे अभ्यासक त्याला भूमिज शैलीचं म्हणतात. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरी यांना विद्यार्थ्यांसह इथे पाठवलं आणि शिल्पांची चित्रं आणि साचे करवून घेतले. महाशिवरात्रीला मात्र इथे जी रांग लागते तिला टेरीसाहेबाशी काही देणंघेणं नसतं. तिला पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं असतं, पिंडीवर बेल वाहायचा असतो. बाहेरच्या भिंती उद्या सपाट झाल्या तरी ती रांग तेवढीच लांब राहील. उलट स्थापत्याचा एखादा विद्यार्थी दुपारभर बाहेरूनच फिरतो, कोपरे आणि कोनाडे न्याहाळतो, आणि गाभाऱ्यात न उतरताच परत जातो. दोघांनाही विचारलं तर दोघंही म्हणणार, ‘काय देऊळ आहे!’ वाक्य तेच, पण एकाने देव पाहिला आणि दुसऱ्याने दगड. अमुक चित्रपट कौतुकाला पात्र आहे का, हा वाद बहुतेक वेळा इथेच अडकलेला असतो. कौतुक नेमकं कशाचं चाललंय हे आधी कुणी विचारत नाही.

‘छावा’चंच घ्या. १४ फेब्रुवारी २०२५ ला आलेला, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट देशात पाचशे कोटींच्या वर गेला. मध्य प्रदेश आणि गोव्याने तो करमुक्त केला; महाराष्ट्रात तशी मागणी झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं की राज्याने करमणूक कर २०१७ सालीच रद्द केलेला आहे. चित्रपट करमुक्त करण्याची मागणी ही खरं तर चित्रपटाबद्दलची मागणी नसतेच, ती देवाला नैवेद्य दाखवण्यासारखी असते. प्रदर्शनाच्या आधी आणि नंतर जे वाद झाले तेही याच जातीचे. झलकेत संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली आणि त्यांची माफी मागितली गेली. लेझीमचं दृश्य कसं चित्रित झालंय, कथेत त्याला जागा आहे का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मूर्तीला असं नाचवायचं का, हा पडला.

मग रडलेल्या प्रेक्षकांचं काय करायचं? ते खोटं रडत नव्हते. अंबरनाथचं देऊळ उभं राहण्याच्या जवळपास अर्धं शतक आधी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची यादी केली होती. त्यातलं एक विघ्न म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात अडकणं. दुसरं, समोर जे घडतंय ते ‘माझं’ किंवा ‘त्या अमक्याचं’ अशा ठरावीक स्थळकाळाला बांधून ठेवणं. या कसोटीवर ‘छावा’च्या शेवटाला वाहिलेले अश्रू थोडे संशयास्पद ठरतात. ते पडद्यामुळे आले, की शाळेच्या पुस्तकातून, पोवाड्यांतून आणि शिवाजी सावंतांच्या कादंबरीतून आधीच साठलेले होते? मात्र याच अभिनवगुप्ताला हेही ठाऊक होतं की ज्याच्या मनात काही संस्कार साठलेलेच नाहीत, त्याला रस मिळणारच नाही. म्हणजे संभाजीराजांविषयी काहीच माहीत नसलेला प्रेक्षक कोरडा राहील, आणि ज्याला सगळं पाठ आहे त्याला चित्रपटाची गरजच उरणार नाही. चांगल्या ऐतिहासिक चित्रपटाने या दोघांच्या मधली वाट काढायची असते.

ती काढली की नाही हे बघायचा एक सोपा मार्ग आहे. नावं पुसून टाकायची. पडद्यावरचा राजा कुठल्या तरी काल्पनिक राज्याचा आहे असं समजून बघायचं. तसं पाहिलं तर ‘छावा’चा पूर्वार्ध बराच पोकळ वाटतो. येसूबाईंच्या वाट्याला वाट बघण्याखेरीज फारसं काही येत नाही, साथीदार ओळख होण्याआधीच धारातीर्थी पडतात, आणि शेवटचा छळ इतका लांबतो की वेदनेपेक्षा तिचं मोजमापच लक्षात राहतं. नावं पुसूनही जे टिकतं ते म्हणजे अक्षय खन्नाचा औरंगजेब. विणकाम करत बसलेला, थकलेला, आवाज न चढवणारा. गंमत अशी की ज्याचा राग यायला हवा तोच या चित्रपटातलं सगळ्यात चांगलं कोरीवकाम आहे.

ठाणे जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. १३ मे २०२२ ला ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरचा प्रवीण तरडे यांचा ‘धर्मवीर’ आला तेव्हा दिघ्यांना जाऊन वीस वर्षं उलटली होती, पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं उल्हासनगर-अंबरनाथच्या गल्ल्यागल्ल्यांत होती. त्यांच्या तोंडून येणारं कौतुक बहुतांशी एकाच गोष्टीचं होतं : प्रसाद ओक अगदी साहेबांसारखा दिसतो. हे कौतुक कमी दर्जाचं मानायचं कारण नाही, कारण चालण्याबोलण्याची इतकी बारीक नक्कल ही मेहनतच आहे. पण ते दर्शनाचं कौतुक होतं. माणूस परत दिसला, याचं.

दर्शनासाठी चित्रपट बघणं हा अडाणीपणा आहे, असं शहरी समीक्षकाला वाटायचा संभव असतो. १९७५ साली ‘शोले’च्या बरोबरीने ‘जय संतोषी माँ’ चालला तेव्हा लोक थिएटरच्या दाराशी चपला काढत, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत, आणि त्यावर हसणारे कमी नव्हते. पण मराठीत याच्या जवळपास चाळीस वर्षं आधी एक असा चित्रपट होऊन गेला, ज्याच्यापुढे ही सगळी विभागणी गडबडते. प्रभातचा ‘संत तुकाराम’, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, साल १९३६. मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला, आणि प्रेक्षक विष्णुपंत पागनीसांकडे नट म्हणून बघायलाच तयार नव्हते. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात, जिथल्या परीक्षकांना ना विठ्ठल ठाऊक ना वारी, तो जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. रांगेतल्या माणसाला देव मिळाला आणि व्हेनिसच्या माणसाला दगडावरचं काम. दोघांना एकाच ठिकाणी. तुकारामाची बायको जिजाई म्हशीच्या अंगाशी बसून संसाराची गाऱ्हाणी गाते, तिथे हे दोघंही बहुधा एकाच वेळी हसले असतील.

आणि कधी कधी विषयाचं कौतुक हेच खरं कौतुक असतं, हेही सांगायला हवं. उल्हासनगरची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते बसली. सिंधमधून उठून आलेल्या हजारो माणसांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं हे शहर झालं, आणि आजही तिथे पत्ता कॅम्प नंबरने सांगतात. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५८ मध्ये ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट आला. पुढे हिंदीत गाजलेली साधना त्यात होती, आणि कथा फाळणीने घर सुटलेल्यांची. घर, गाव, नदी असं सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला आपल्या बोलीत आपलं दुःख पडद्यावर दिसलं, तर त्याच्यासमोर संकलनातल्या त्रुटी मांडत बसणं हा शुद्ध उद्धटपणा झाला असता.

उल्हासनगरने देशाला दुसरीही एक गोष्ट दिली आहे, निदान विनोदापुरती. ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद जुना झाला, तरी त्यातला प्रश्न जुना झालेला नाही : माल तपासायचा की शिक्का? जीन्स घेताना चतुर गिऱ्हाईक शिवण उलटून बघतं. चित्रपटाच्या पोस्टरवर पानांच्या दोन डहाळ्यांमध्ये महोत्सवाचं नाव छापलेलं दिसलं की मात्र त्याच गिऱ्हाइकाची चतुराई दोन उलट्या दिशांना पळते. काहीजण शिक्क्यापुढे मान तुकवतात. काहीजण शिक्का बघूनच ठरवतात की आत काहीतरी रडकं, अंधारं आणि परदेशी लोकांना खूश करणारं असणार. शिवण दोघांनीही बघितलेली नसते.

यात फक्त डब्यातल्या प्रवाशांना दोष देऊन चालणार नाही. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे २०२४ मध्ये कानचा ग्रां प्री मिळाला, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तोच मुळी तीस वर्षांनी, शाजी करुण यांच्या ‘स्वहम्’नंतर. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून फिल्म फेडरेशनने किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ पाठवला. का, या प्रश्नावर फेडरेशनच्या अध्यक्षांनी निवड समितीचं म्हणणं सांगितलं ते असं, की भारतात घडणारा युरोपीय चित्रपट आपण बघतोय असं त्यांना वाटलं. ‘डोक्यावरून गेला’ याचंच हे कोट घातलेलं रूप. तज्ज्ञांच्या समितीनेही शिक्काच वाचला, फक्त उलटा. डिसेंबरमध्ये ऑस्करची पंधरा चित्रपटांची यादी आली तेव्हा ‘लापता लेडीज’ त्यात नव्हता, आणि ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ मात्र होता. या सगळ्या भांडणात एक गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. दोन्ही चित्रपटांत छाया कदम आहेत. एकीकडे रेल्वे स्टेशनावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजू माई, दुसरीकडे मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या बाईंची ओळख करून द्यायला कुठल्याच शिक्क्याची गरज नव्हती.

परीक्षक कोण असावा, हा प्रश्न भरतमुनींनी किती गंभीरपणे घेतला होता हे पाहिलं की आजच्या समित्या बिचाऱ्या वाटतात. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे यशाची, चर्चा आहे. भरत तिथे दहा प्रकारचे प्राश्निक सांगतो : यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजाचा सेवक. बाणाचा प्रसंग आला की धनुर्धराने बोलावं, शृंगाराच्या उपचारांचा आला की गणिकेने, दरबारी रीतीचा आला की सेवकाने. सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत, हे त्याने गृहीतच धरलं आहे. तरुणांना प्रेम आवडतं, शूरांना लढाया, म्हाताऱ्यांना पुराणकथा, हेही तो काहीही नाक न मुरडता नोंदवतो. जिंकणाऱ्याला पताका द्यायची, म्हणजे पुरस्काराचीही सोय आहे. शिवाय ‘घात’ नावाचं एक प्रकरण आहे. प्रयोग बिघडवणाऱ्या गोष्टींची यादी, आरडाओरड्यापासून मुंग्या-कीटकांपर्यंत. कानमध्ये गाजलेला चित्रपट डोंबिवली-मुंब्र्याच्या दरम्यान उभ्याने, एका हाताने कडी धरून, मोबाइलवर तीन हप्त्यांत बघणं हे भरताला माहीत असतं तर त्याने त्या यादीत एक ओळ नक्की वाढवली असती.

भरताच्या न्यायाने पाहिलं तर ‘ऑल वी इमॅजिन’साठी कर्जत मार्गावरचा प्रवासी हा प्राश्निकच आहे. रात्रीच्या लोकलमधला तो निळसर पांढरा प्रकाश, दारातून येणारा वारा, दिवसभराच्या पाळीनंतर खिडकीवर टेकलेलं डोकं, यातलं खरं किती आणि सजवलेलं किती हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आणि त्याची तक्रारही ठरलेली आहे : आपलंच आयुष्य पैसे मोजून का बघायचं? इथे अभिनवगुप्ताचं विघ्न पुन्हा समोर येतं, पण दुसऱ्या बाजूने. ‘छावा’त आपलेपणाने अश्रू आले, इथे आपलेपणानेच कंटाळा आला. या चित्रपटातल्या नर्स प्रभाकडे जर्मनीहून आलेला, कुणी पाठवला ते न लिहिलेला तांदळाचा कुकर ती रात्री पोटाशी धरून बसते, तेव्हा ती गोष्ट कुठल्याही एका प्रवाशाची राहत नाही. पार्वतीचं घर बिल्डर पाडणार आहे. बावीस वर्षं राहूनही तिच्याजवळ कागद नाहीत, कारण कागद नवऱ्याने ठेवले होते आणि नवरा गेला. कॅम्पांतल्या अनधिकृत इमारतींत आयुष्य काढलेल्या उल्हासनगरकराला हे उलगडून सांगावं लागत नाही. उत्तरार्धात चित्रपट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जातो आणि तिथे थोडा सैल पडतो. समुद्रातून वर काढलेल्या माणसाचा प्रसंग काव्य होण्यासाठी जरा जास्तच धडपडतो. म्हणजे ग्रां प्री मिळूनही चित्रपटाची एक शिवण उसवलेली आहे. पण पूर्वार्धातली मुंबई पाहिल्यावर पुरस्कार चुकीच्या हातात पडला असं म्हणायला जीभ रेटत नाही.

सहज फेकलेल्या मताला किती किंमत द्यायची, याचा एक जुना दाखला डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात दिला आहे. मूळ किस्सा ‘डॉन किहोटे’तला. सँको पांझाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही खूप हसले. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी एक किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली. ह्यूमला यातून जाणकारीची बाजू मांडायची होती. पण हा किस्सा लोकलच्या डब्यालाही तितकाच लागू पडतो. ‘बोअर आहे’ म्हणणाऱ्याच्या जिभेला खरंच काहीतरी लागलेलं असतं. ते त्याला नीट नाव देता येत नाही, एवढंच. आणि ‘मास्टरपीस’ म्हणणाऱ्याला बऱ्याचदा काहीच लागलेलं नसतं, त्याने पिंपावरची चिठ्ठी वाचलेली असते.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’बद्दल ‘संथ’ हा शब्द असाच सारखा ऐकू येतो. २०२५ च्या आरंभी सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. मराठी चित्रपट तिथे पोचण्याचीच ही पहिली वेळ, आणि सप्टेंबरमध्ये तो इथे लागला. वडील वारले म्हणून आनंद मुंबईहून आईबरोबर गावी जातो, दहा दिवस सुतकात राहतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि बाल्या नावाच्या जुन्या मित्राशी त्याचं नातं हळूहळू उमलतं. संथ आहेच. सुतक धावत नाही. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही, दार-खिडकी-ओसरीच्या चौकटीत माणसं येतात, बसतात, उठून जातात. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा उगम लयीत शोधला होता आणि संवाद, विरोध, समतोल ही तिची तत्त्वं मांडली होती. ते या चित्रपटाला लावून बघितलं तर संथपणा हा दोष न राहता रचना दिसू लागते. घर माणसांनी भरलेलं आणि रान मोकळं, घरात नियमांची यादी आणि रानात कुणी विचारणारं नाही. प्रत्येक प्रसंग दुसऱ्या कुठल्या तरी प्रसंगाला तोलून धरतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून काहींनी त्याचं कौतुक केलं आणि त्याच कारणाने काहींनी तो टाळला. ते गाभाऱ्यापुरतं झालं, भिंती तशाच राहिल्या. त्याच्या एक आठवडा आधी आलेल्या ‘दशावतार’ला लोटलेली गर्दी वेगळी. तिथे एक्क्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकर रंग लावून उभे राहतात याचंच कौतुक इतकं झालं की पटकथेतल्या ढिल्या गाठींबद्दल बोलणं अनेकांना पाप वाटलं.

राहता राहिलं बदलापूर. शहराचं नाव चित्रपटाला मिळण्याचा मान मुंबई, दिल्ली, कलकत्त्याचा. २० फेब्रुवारी २०१५ ला तो बदलापूरला मिळाला, तोही बहुधा नावातला ‘बदला’ कामाचा होता म्हणून. श्रीराम राघवन यांच्या या चित्रपटाची मुळं मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीत आहेत. बँकेच्या दरोड्यात बायको आणि मुलगा गमावलेला रघू बदलापूरला येऊन राहतो आणि पंधरा वर्षं वाट बघतो. गावकऱ्यांना नाव गाजल्याचा आनंद झाला, गाव फारसं दिसलंच नाही याची थोडी खंतही. समीक्षकांनी नवाजुद्दीन सिद्दिकीच्या लियाक या दरोडेखोराची वाखाणणी केली आणि रघू झालेल्या वरुण धवनबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. इथवर सगळं नेहमीसारखं.

नऊ वर्षांनी, २० ऑगस्ट २०२४ ला, बदलापूर स्टेशनात हजारो माणसं रुळांवर उतरली. शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला होता, तक्रार नोंदवून घ्यायला उशीर झाला होता, आणि लोकांचा संताप पूर्णपणे खरा होता. सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या. घोषणा होती फाशीची, आणि ताबडतोब. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. काही ठिकाणी फटाके फुटले, पेढे वाटले गेले, आणि मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला, आणि त्यात या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरलेले होते. चित्रपटाचा आणि या घटनेचा कार्यकारणसंबंध जोडणं मूर्खपणाचं होईल. पण नावाची कोटी दोन्हीकडे एकच होती. फलक लावणाऱ्यांनी ती चित्रपटाच्या पोस्टरवरून उचललेली नसेलही, पण चित्रपट त्या कोटीचं पुढे काय करतो ते त्यांनी पाहिलेलं दिसत नाही.

‘बदलापूर’बद्दल तेव्हाही आणि अजूनही कानावर येणारी तक्रार उत्तरार्धाची आहे. सूड पुरा झाला, ज्यांना मारायचं होतं ते मेले, तरी मजा नाही आली, असं बघून आलेले सांगतात. फर्स्ट हाफ भारी, सेकंड हाफ ढेपाळला. यात चव अगदी बरोबर लागलेली आहे. रघूने जे खून केले ते मरायला टेकलेला लियाक आपल्या अंगावर घेतो आणि तुरुंगात परत जातो. ज्याचा सूड घ्यायचा त्यानेच सूड घेणाऱ्याला सोडवलेलं असतं. रघूच्या हातात बायको नाही, मुलगा नाही, आणि आता रागही नाही. प्रेक्षकाने टाळ्या वाजवाव्यात अशी एकही जागा राघवन यांनी तिथे ठेवलेली नाही. चित्रपटाला जे काही कौतुक मिळालं ते या शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी मिळायला हवं होतं, आणि तक्रारही त्याच वीस मिनिटांबद्दल आहे.